शाळेच्या प्रकल्पासाठी पिरॅमिडची प्रतिकृती: त्रिकोण नेमका किती उंचीचा कापायचा?

कागदीहोडी

लेकीला प्राचीन इजिप्तवरच्या प्रकल्पासाठी पिरॅमिडची प्रतिकृती करायची आहे. वस्तू घरी करून न्यायची आणि तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. तिने गीझाचा मोठा पिरॅमिड, म्हणजे खुफू राजाचा, ठरवून टाकलाय आणि तिची अट एकच आहे: "पिरॅमिडसारखा नको, तोच हवा."

अडलंय इथे. चौकोनी पाया आणि चार त्रिकोण एवढं कळतं, पण त्रिकोण किती उंचीचे घ्यायचे? जितकी पुस्तकं उघडली तितक्या आकृत्या, कुठे बुटका तर कुठे उंच. बाईंनी प्रमाण लिहायला सांगितलंय, तेही कसं काढतात ते सांगा. आणि साहित्य? थर्माकोल, पुठ्ठा की माती? आतल्या खोल्या दाखवाव्यात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भूमितीमास्तर

साहित्याचं नंतर बघू. आधी माप पक्कं करा, बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बांधणाऱ्यांचं माप होतं 'हात'. हा राजहात सुमारे ५२.३५ सें.मी.चा. पायाची एक बाजू ४४० हात आणि उंची २८० हात, म्हणजे मूळ पाया २३०.३ मीटर आणि मूळ उंची १४६.६ मीटर. मीटरमधले आकडे घेऊन भागाकार करत बसलात तर दशांश चिन्हांचा चिखल होईल. हात घ्या आणि दहाने भागा: पाया ४४ सें.मी., उंची २८ सें.मी. झालं. प्रमाण लिहायचं '१ सें.मी. = १० हात', किंवा आजच्या भाषेत १:५२३. जागा कमी असेल तर निम्मं, २२ आणि १४.

आता त्रिकोण. इथेच बहुतेक प्रतिकृती फसतात. पिरॅमिडची उंची २८, म्हणून त्रिकोणाचीही उंची २८ घेतली जाते. पण त्रिकोण उभा राहत नाही, आत कलतो. २८ उंचीचे त्रिकोण जोडलेत तर पिरॅमिड जेमतेम १७.३ सें.मी. उंच होईल आणि उतार ३८ अंशांचा येईल. खरा उतार ५२ अंशांच्या किंचित आत आहे. त्रिकोणाची उंची पायथागोरसकडून घ्या: पायाचा निम्मा २२, उंची २८. २२ चा वर्ग ४८४, २८ चा वर्ग ७८४, बेरीज १२६८, वर्गमूळ ३५.६. म्हणजे त्रिकोणाचा पाया ४४ आणि उंची ३५.६. तिरक्या कडा मोजल्यात तर ४१.९ भरतील.

कुणी म्हणेल चारही त्रिकोण समभुज घ्या, सोपं पडतं. तसं केलंत तर उंची ३१ च्या वर जाते. तीन सेंटिमीटरचा फरक नुसत्या नजरेलाही कळतो.

सुईदोरा

मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक शंका. त्या काळी पायथागोरस नव्हता, मग त्यांनी उतार कसा धरला?

भूमितीमास्तर

@सुईदोरा, कोनात मोजतच नव्हते. एक हात वर चढलं की किती आत सरकायचं, एवढंच बघायचे. हाताचे सात पंजे आणि पंज्याची चार बोटं. खुफूच्या पिरॅमिडला एक हात, म्हणजे सात पंजे, चढल्यावर साडेपाच पंजे आत. या मापाला ते 'सेकेद' म्हणत. ऱ्हाइंड पपायरस म्हणून जी गणिताची गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यात अशी उदाहरणं सोडवलेली आहेत. पाया आणि उंची दिली आहे, सेकेद काढा. शाळेच्या वहीतलीच वाटतील.

@कागदीहोडी, हे मुलीला करायला लावा: पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापायचा, उभी बाजू १४ सें.मी., आडवी ११. (७ ला ५.५ म्हणजेच १४ ला ११.) ही झाली तिची उतारपट्टी. आडवी बाजू टेबलावर टेकवायची, तिरकी बाजू पिरॅमिडच्या कलाला समांतर येते का ते बघायचं. चारही बाजू तपासायच्या. बोलताना ही पट्टी हातात धरून दाखवली तर पाच मिनिटांतली दोन तिथेच जातील, आणि चांगली जातील.

पुठ्ठेबाज

मास्तरांनी कागदावरचा पिरॅमिड उभा केला, आता टेबलावरचा करू.

थर्माकोल नको. कटरने कापला की कडा दाणेदार तुटतात, गोळ्या घरभर. गरम तारेने कापला तर कड सुरेख येते, पण धूर नाकात जातो. खिडकी उघडी आणि मोठं माणूस शेजारी हवंच. शिवाय पेट्रोलसारखा वास येणारा रबरी गोंद आणि डब्यातला स्प्रे रंग थर्माकोल विरघळवतात.

भरीव माती तर विचारातही घेऊ नका. ४४ बाय ४४ बाय २८ चा पिरॅमिड म्हणजे १८ लिटर आकारमान. ओली माती भरलीत तर ३० किलोच्या वर वजन. निम्म्या मापाचा, २२/१४ चा केलात तर आठपट कमी, म्हणजे चारेक किलो. तो उचलता येईल, पण वाळताना तडकणार.

माझं मत: खोक्याचा नाळीदार पुठ्ठा किंवा ३ मि.मी. फोमबोर्ड, आणि आत सांगाडा. नुसते चार त्रिकोण एकमेकांना चिकटवले की टोकाशी कधीच नीट जुळत नाहीत आणि बाजू आत दबतात. सांगाड्यासाठी दोन मोठे त्रिकोण कापायचे, तळ ६२.२ (पायाचा कर्ण), उंची २८. एकाला वरून निम्म्यापर्यंत आणि दुसऱ्याला खालून निम्म्यापर्यंत खाच पाडायची, खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. एकमेकांत बसवले की फुली तयार. फुलीच्या चार तिरक्या कडा म्हणजेच पिरॅमिडच्या चार कडा. त्यांवर बाजू टेकवून चिकटवायच्या, उंची चुकायला वावच राहत नाही.

जाडी विसरू नका. बाजू ३ मि.मी.च्या असतील तर सांगाडा उंचीला अर्धा सें.मी. कमी आणि तळाला दोन्हीकडे अर्धा-अर्धा सें.मी. कमी कापा. नाहीतर बाजू अंगाला तोकड्या पडतात आणि कडेला फट राहते.

पुठ्ठ्याच्या नाळी बाजूंवर आडव्या यायला हव्यात. का, ते रंगाच्या वेळी सांगतो.

मुंग्यांचा_राजा

आमच्याकडे साखरेच्या चौकोनी वड्यांचा झाला होता. दिसायला झकास. नंतरचं माझ्या नावावरून ओळखा.

भूमितीमास्तर

साखरेच्या वड्यांत मुंग्यांपेक्षा मोठी अडचण उताराची आहे. प्रत्येक थराला एक वडी कमी केली (१०, ९, ८...) तर प्रत्येक बाजूने अर्धीच वडी आत सरकते आणि उतार ६३ अंशांवर जातो. दोन-दोन कमी केल्या (१९, १७, १५...) तर थेट ४५. खुफूचा ५२, दोहोंच्या मधे. चौकोनी ठोकळ्यांनी तो जमवायचा तर काही थर एकाने आणि काही दोनाने कमी करावे लागतील. दोन-दोनवाल्या १० थरांना १३३० वड्या लागतात, तेही सांगून ठेवतो.

थरांचाच करायचा असेल तर फोमचे किंवा पुठ्ठ्याचे चौकोन रचा. नियम सोपा: थराच्या जाडीला ११ ने गुणा, १४ ने भागा, तेवढं प्रत्येक बाजूने आत. २.५ सें.मी. जाडीचा थर असेल तर जवळपास २ सें.मी. आत.

निवांत_वाचक

एवढं गणित कशाला? शाळेचा प्रकल्प आहे, खरा पिरॅमिड थोडाच बांधायचाय. पिवळा रंग, वरून वाळू, बाजूला दोन खजूर आणि चार उंट. मुलं खूश, बाई खूश. (ह. घ्या.)

खडूफळा

निवांतराव, हलकेच घेतलं, पण उंट काढा.

एक तर प्रमाण. १:५२३ म्हणजे पावणेसहा फुटी माणूस प्रतिकृतीत जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. खेळण्यातला पाच सेंटिमीटरचा उंट तिथे उभा केलात तर तो २६ मीटर उंचीचा होतो, म्हणजे सात-आठ मजली उंट. मुलं कष्टाने पिरॅमिड करतात आणि शेजारी असली जनावरं ठेवून त्याचं टेकाड करून टाकतात. पिरॅमिड प्रचंड वाटायला हवा असेल तर शेजारी तीन मिलिमीटरची माणसं हवीत. जाड कागदाचे बारीक तुकडे उभे चिकटवले तरी पुरे.

दुसरं, खुफूचा काळ इसवी सनपूर्व २६ व्या शतकातला. तेव्हा इजिप्तमध्ये ओझी वाहायला उंट नव्हते, ते फार नंतर आले. घोडेही नव्हते. गाढवं होती, बैल होते, माणसं होती आणि नाईलवर होड्या होत्या. अवजारं तांब्याची आणि दगडाची.

तसंच तूतनखामुनचा सोनेरी मुखवटा. शाळेच्या प्रदर्शनात दर दुसऱ्या पिरॅमिडवर तो चिकटवलेला असतो. तो राजा खुफूनंतर बाराशेहून अधिक वर्षांनी झाला आणि त्याची कबर राजांच्या खोऱ्यात, डोंगरात खोदलेली आहे. पिरॅमिडशी त्याचा संबंध नाही.

भिंतींवर चित्रलिपी रंगवायची हौसही आवरा. खुफूच्या पिरॅमिडच्या दालनांत कोरीव मजकूर नाही. पिरॅमिडच्या आत मंत्र कोरायला सुरुवात झाली ती सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडपासून, पाचव्या राजवंशाच्या शेवटी. खुफूच्या इथे राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत कामगारांच्या तुकड्यांनी तांबड्या रंगाने लिहिलेली नावं आहेत, तीही कुणी बघावीत म्हणून लिहिलेली नाहीत.

निवांत_वाचक

घ्या, उंट गेले, मुखवटा गेला, चित्रलिपी गेली. आता खजूर तरी ठेवा.

खडूफळा

खजूर ठेवा. दोन सेंटिमीटरचाच ठेवा, तोही जरा उंचच होतो म्हणा.

कागदीहोडी

बापरे, किती माहिती! लेक शेजारी बसून वाचतेय. २६ मीटरच्या उंटावर हसून हसून लोळली, आणि लगेच तिचा प्रश्न: "मग स्फिंक्स केवढा?" रंगाचंही सांगा. फोटोत तर पिरॅमिड मातकट पिवळाच दिसतो.

भूमितीमास्तर

स्फिंक्स ७३ मीटर लांब आणि २० मीटर उंच. प्रतिकृतीत १४ सें.मी. आणि ३.८ सें.मी. पण तो खुफूच्या नाही, शेजारच्या खाफ्रे राजाच्या पिरॅमिडसमोर आहे. एकच पिरॅमिड करणार असाल तर स्फिंक्स ठेवू नका. गीझाचे तिन्ही मोठे पिरॅमिड करायला जागा असेल तर गोष्ट वेगळी. खाफ्रेचा याच मापात ४१ सें.मी. पाया आणि २७.४ उंची. त्याचा सेकेद सव्वापाच, म्हणजे उतारात ३-४-५ चा काटकोन त्रिकोण लपलेला. तिसरा मेनकाउरे राजाचा, लहान, १२.४ सें.मी. उंच. खाफ्रेचा खुफूपेक्षा बुटका असूनही फोटोत उंच वाटतो, कारण त्याच्याखालचा खडक सुमारे १० मीटर वर आहे. तिन्ही करताना त्याच्याखाली २ सें.मी.ची पट्टी घाला.

पुठ्ठेबाज

रंगाबद्दल. आधी ठरवा, पिरॅमिड कुठल्या काळातला दाखवायचा. यावर आमच्याकडे एकदा कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून सांगतो.

बांधून झाला तेव्हा तो पांढरा होता. बाहेरून तुरा इथल्या बारीक पोताच्या पांढऱ्या चुनखडकाच्या घासलेल्या शिळा होत्या, अगदी सपाट. पुढे मध्ययुगात त्या उपसून कैरोतल्या बांधकामांना वापरल्या गेल्या. आज दिसतात त्या आतल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रांगा. उंचीही उतरली आहे, आज साधारण १३८.५ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेसव्वीस सें.मी. आणि वर टोकाऐवजी छोटा सपाट माथा.

नवा पिरॅमिड करायचा तर बाजूंवर गुळगुळीत पांढरा कागद, सांध्यांवर कागदी पट्टी, बारीक पॉलिश पेपरचा हात, आणि शिळांच्या रेषा अगदी फिक्या पेन्सिलीने. वाळू अजिबात नाही.

आजचा करायचा तर आडव्या नाळींची गंमत इथे आहे. पुठ्ठ्याचा वरचा कागद पाण्याने हलका ओला करून सोलायचा. खालच्या नाळी उघड्या पडतात आणि थरांसारख्या दिसतात. खऱ्या पिरॅमिडला मुळात सुमारे २१० थर होते, म्हणजे प्रतिकृतीत थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. नाळ त्याहून जाड असते, पण डोळ्यांना पटते. कागद सोलताना पुठ्ठा पार भिजवू नका, नाळच दबून जाते. वाळला की पांढऱ्या गोंदात पाणी घालून एक हात, मग गेरू-पिवळा-करडा असा कोरड्या ब्रशने रंग.

एक पक्कं लक्षात ठेवा. पातळ पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पाणीदार गोंद किंवा रंग लावला की तो वाळताना वाटीसारखा वळतो. रंग चिकटवण्याआधी द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना द्या, किंवा सांगाड्यावर चिकटवून झाल्यावरच द्या.

सुईदोरा

दोन्ही का नाही? उत्तर आणि पूर्व बाजू नव्या पांढऱ्या, दक्षिण आणि पश्चिम आजच्या. वळवून दाखवायचा.

पुठ्ठेबाज

@सुईदोरा, +१. हे मला सुचायला हवं होतं.

गुलदस्ता

आतल्या खोल्यांचं कुणीच बोललं नाही. आमच्या भाच्याच्या पिरॅमिडला एक बाजू दारासारखी उघडत होती, आत दोन मजली महाल, ममी, खजिना, सगळं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खडूफळा

टाळ्या वाजतातच. खऱ्याच्या आत मात्र महाल नाही, तो जवळजवळ सगळा भरीव दगड आहे. सुमारे २३ लाख शिळा, सरासरी अडीच टनांची एकेक, असा अंदाज सांगतात. त्या मानाने पोकळी नखाएवढी.

दाखवायचंच असेल तर बाजू उघडू नका, पिरॅमिड मधोमध उत्तर-दक्षिण कापा. सगळ्या वाटा उत्तर-दक्षिण पातळीतच आहेत (खऱ्यात त्या मध्यापासून सुमारे ७ मीटर पूर्वेला आहेत, प्रतिकृतीत हा फरक सव्वा सेंटिमीटर, सोडून दिला तरी चालेल). कापाच्या सपाट अंगावर चित्र काढायचं किंवा कोरायचं. दार उत्तरेला, जमिनीपासून १७ मीटर वर, म्हणजे ३.२ सें.मी. तिथून वाट साडेसव्वीस अंशांनी खाली उतरते आणि जमिनीखाली ३० मीटरवरच्या अर्धवट खोदलेल्या दालनात जाते. म्हणजे पायाखाली किमान ६ सें.मी. जाडीचा खोका हवा, ही गोष्ट नेहमी राहून जाते. उतरत्या वाटेतून एक चढती वाट फुटते, ती मोठ्या दीर्घिकेत, म्हणजे उंच छताच्या चढत्या मार्गात, जाते: लांबी ९ सें.मी., उंची १.६. तिच्या वरच्या टोकाला राजाचं दालन.

राजाचं दालन २० हात लांब, १० हात रुंद. प्रतिकृतीत २ बाय १ सें.मी. लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे कापात दिसेल तो जेमतेम एक सेंटिमीटरचा चौकोन, उंची १.१. त्याची जमीन तळापासून ८.२ सें.मी. वर. आणि वाटा? रुंदी-उंची मीटर-सव्वा मीटर, म्हणजे प्रतिकृतीत दोन मिलिमीटर. काडेपेटीच्या काड्या ओळीने चिकटवल्यात की बरोब्बर माप.

मुलीने हे करावं असं मला फार वाटतं. २८ सेंटिमीटरच्या त्या भरीव अंगात एक सेंटिमीटरचं दालन बघितलं की 'एवढा डोंगर एवढ्याशा खोलीसाठी?' हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

मुक्काम_सहारा

त्यात भर. दीर्घिकेच्या वर किमान ३० मीटर लांबीची एक पोकळी असल्याचं २०१७ मध्ये म्युऑन कणांच्या मोजणीवरून जाहीर झालं. आकाशातून येणारे हे कण दगडातून जाताना कमी होतात, पोकळीतून कमी अडतात, त्यावरून अंदाज. मग २०२३ मध्ये उत्तरेच्या दारावर, उलट्या व्हीच्या आकाराच्या शिळांमागे, सुमारे ९ मीटरची एक छोटी मार्गिका असल्याचं नक्की झालं, आत कॅमेराही घातला. कापाच्या चित्रात मोठी पोकळी तुटक रेषेने दाखवा, कारण तिच्यात अजून कुणी गेलेलं नाही.

तारकामंडळ

सगळं ठीक आहे, पण इतके अचूक पिरॅमिड तांब्याच्या छिन्नीने? मला तरी नाही पटत. काहीतरी दडवलं जातंय. ;)

मुक्काम_सहारा

तारकामंडळ, डोळा मारलाय म्हणून वाद घालत नाही, पण धागा मुलं वाचतायत म्हणून लिहितो.

एका झटक्यात अचूक जमलं असतं तर संशय ठीक होता. आधी सक्कारा इथे जोसेर राजाचा सहा पायऱ्यांचा पिरॅमिड, इमहोतेप या त्याच्या वास्तुकाराच्या हातचा. मग मैदूमचा, ज्याचं बाहेरचं आवरण ढासळलंय. मग खुफूच्या बापाचा, स्नेफेरूचा, दहशूर इथला वाकडा पिरॅमिड: खाली ५४ अंशांचा उतार, निम्म्याच्या अलीकडे एकदम ४३ चा. चढ झेपेना म्हणून मध्येच बेत बदललेला स्पष्ट दिसतो. त्यानंतर त्याचाच लाल पिरॅमिड, पायापासूनच ४३ चा. आणि मग खुफू. यापेक्षा सरळ शिकण्याचा आलेख कुठे मिळेल?

हिशेबसुद्धा सापडलाय. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पपायरसचे तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुऱ्याहून दगड होडीत भरले, कालव्यातून गीझाला नेले, मुक्काम कुठे पडला. खुफूच्या शेवटच्या वर्षांतली. परग्रहावरच्यांना मुकादम लागत नसावा.

पिरॅमिड गुलामांनी बांधले, या समजाचंही तेच. पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांची वसाहत उकरली गेलीय: भट्ट्या, कोठारं, राहायच्या जागा. त्यांच्या कबरी १९९० मध्ये सापडल्या, पिरॅमिडच्या सावलीत मानाने पुरलेल्या. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक लाख माणसं लिहिली, पण तो खुफूनंतर दोन हजार वर्षांनी आला होता. आज अभ्यासक त्याहून खूप कमी धरतात.

तारकामंडळ

मुकादमावर हरलो. :)

गुलदस्ता

दगड वर कसे नेले ते प्रतिकृतीत दाखवता येईल का? चढण वगैरे?

मुक्काम_सहारा

चढणीचा नेमका आकार कसा होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सरळ, वळसे घेत, की आतून, प्रत्येकाचे पाठीराखे आहेत. हतनूबच्या खाणीत २०१८ मध्ये खुफूच्या काळातली एक चढण मिळाली, फार उभी, दोन्ही अंगांना पायऱ्या आणि खांबांची भोकं. तेवढी छोटी चढण वेगळी दाखवा, पिरॅमिडला चिकटवू नका.

त्यापेक्षा ओल्या वाळूचा प्रयोग करा. जेहुतीहोतेप नावाच्या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याच्या कबरीतल्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढताना एक माणूस गाडीपुढे पाणी ओततोय. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या मंडळींनी २०१४ मध्ये मोजून दाखवलं की वाळू बेताची ओली असेल तर ओढायला लागणारं बल निम्म्यावर येतं. पसरट ट्रेमध्ये कोरडी वाळू, वर छोट्या डबीत वजन, डबीला रबरबँड, आणि रबर किती ताणतं ते पट्टीवर बघायचं. मग वाळू ओली करून पुन्हा. कोरड्या वाळूत डबीपुढे ढिगारा साचतो, ओल्यात साचत नाही. हे डोळ्यांनी दिसतं, समजावावं लागत नाही. पाणी बेतानेच, चिखल केलात तर पुन्हा अडतं.

कागदीहोडी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने काल रात्री वहीत आराखडा काढला. ठरलंय ते असं: ४४/२८ चं माप, पुठ्ठ्याचा सांगाडा, पण दोन अर्ध्या भागांत, उत्तर-दक्षिण कापलेला. पूर्वेचा अर्धा नवा पांढरा, पश्चिमेचा आजचा. कापात काड्यांच्या वाटा. खाली ६ सें.मी.चा खोका. उतारपट्टी हातात. ओल्या वाळूचा ट्रे मी नको म्हणत होते, पण तो राहणार असं दिसतंय. उंट नाही.

पुठ्ठेबाज, दोन अर्धे केले तर तुमची फुली कशी बसवायची? आणि अर्धे जोडून ठेवायला लहान चुंबक लावायचे म्हणतेय ती. खऱ्या पिरॅमिडच्या बाजू चार दिशांना एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकाने जुळतात असं तिने वाचलंय, म्हणून खोक्यावर होकायंत्र ठेवून प्रतिकृतीही उत्तरेला लावून ठेवणार आहे.

पुठ्ठेबाज

फुली नको मग. प्रत्येक अर्ध्याला कापाच्या अंगाचा पूर्ण त्रिकोण द्या, तळ ४४, उंची २८. तोच भिंतीचं काम करेल आणि त्यावरच काड्या चिकटतील. त्याच्या मागे काटकोनात एक अर्धा त्रिकोण, तळ २२, उंची २८, आधाराला. पुठ्ठ्याच्या जाडीची वजावट दोन्हीकडे करा. अर्धे समोरासमोर येतील तेव्हा काड्यांची जाडी मध्ये फट पाडेल, म्हणून काड्या एकाच अर्ध्यावर चिकटवा आणि दुसऱ्याच्या भिंतीला तेवढी खाच कोरा.

चुंबक मात्र लावू नका. होकायंत्र शेजारीच ठेवणार असाल तर सुई उत्तर सोडून चुंबकाकडे बघेल आणि पिरॅमिड भलत्याच दिशेला लागेल. चिकटपट्टीचे वेल्क्रो तुकडे लावा, किंवा एका अर्ध्याला लाकडी खुंट्या आणि दुसऱ्याला भोकं. नेताना दोन्ही अर्धे वेगळे, सपाट अंग खाली करून ठेवा. काड्यांच्या अंगाखाली मऊ कापड घाला.